मत्स्यव्यवसायाच्या नियोजनासाठी लहान तळ्यांचा नकाशा करायचा आहे. कोणती उपग्रह प्रतिमा वापरावी?

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची प्रतिमा वापरा, ती मोफत मिळते आणि लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या ३० मीटरच्या पिक्सेलपेक्षा (प्रतिमेतल्या एका ठिपक्यात मावणाऱ्या जमिनीच्या चौकोनापेक्षा) तिचा १० मीटरचा पिक्सेल लहान तळ्यांसाठी केव्हाही सरस. मात्र कोणती प्रतिमा यापेक्षा ती कोणत्या तारखेची, हा प्रश्न मोठा आहे, आणि तो न विचारल्यामुळे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे.

मत्स्यबीज वाटपासाठी असाच नकाशा मी केला होता. पावसाळ्यानंतरची पहिली निरभ्र प्रतिमा घेतली, हरित आणि निकट-अवरक्त (लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या पट्ट्यांवरून पाणी ओळखणारा निर्देशांक काढला आणि क्षेत्रफळाचा तक्ता दिला. उन्हाळ्यापर्यंतच्या प्रतिमाही तपासू द्या, असे सुचवल्यावर वरिष्ठ म्हणाले, "पाणी दिसते आहे ना? मग झाले." हेक्टरी हिशेबाने बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडली गेली. चार महिन्यांनी पाहणीला गेलो, तर यादीतल्या कित्येक तळ्यांच्या जागी भेगाळलेला चिखल होता. उलट बारमाही पाण्याचे एक जुने तळे यादीत नव्हतेच, कारण ते जलपर्णीने झाकलेले होते; पाणी निकट-अवरक्त किरण शोषून घेते, पण हिरवी पाने ते जोराने परावर्तित करतात, म्हणून निर्देशांकाने त्याला शेत ठरवले होते.

यात उपग्रहाचा दोष नव्हता. २०१७ पासून सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून साधारण दर ५ दिवसांनी तीच जागा टिपत आले आहेत. वर्षभराच्या प्रतिमा एकावर एक ठेवल्या असत्या, तर कोणते तळे कधी आटते हे कार्यालयात बसूनच कळले असते.

अर्थात २० मीटर बाजूच्या तळ्यात निव्वळ पाण्याचा पिक्सेल कधी कधी एकच सापडतो, बाकीचे काठाच्या मातीत मिसळतात, त्यामुळे एवढ्या लहान तळ्याच्या क्षेत्रफळावर विसंबू नये. ढगांच्या दिवसांत सेंटिनेल-१ या उपग्रहाचे ढगांपलीकडचे टिपणारे रडार उपयोगी पडते, पण वाऱ्याने पाणी हलले की तेही चकते. खोली तर गढूळ तळ्यात यांपैकी काहीच सांगत नाही. तिथे काठीच घेऊन उतरावे लागते. मोठ्या धरणाच्या ढोबळ आकड्यासाठी मात्र एक प्रतिमाही चालेल, हे मान्य करतो.

तुमच्याकडे कोणी क्षेत्रफळाचा एकच आकडा मागितला, तर त्याशेजारी 'पाणी किती महिने टिकते' हा रकाना न विचारता जोडा. माझ्या तक्त्यात तो नव्हता, म्हणूनच पुढच्या बैठकीत "नकाशाच चुकला" असे म्हणणे वरिष्ठांना इतके सोपे गेले.