जुना ईमेल पत्रव्यवहार नव्या संगणकावर नेताना

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात विंडोज एक्सपी असलेला जुना संगणक आहे. त्यातील आउटलुक एक्सप्रेस या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये २००५ पासून विकासकाशी, वास्तुविशारदाशी आणि ठाणे महानगरपालिकेशी झालेला पत्रव्यवहार साठलेला आहे. मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे विकासकाने न दिलेली जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करून घेण्याच्या अर्जासाठी तो आता हवा आहे. नव्या संगणकावर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम घेतला, पण त्यात आउटलुक एक्सप्रेसच्या जुन्या डीबीएक्स फाइली उघडत नाहीत. समितीतील एका सभासदांचे म्हणणे असे की, सगळ्या ईमेल संस्थेच्या जीमेल पत्त्यावर फॉरवर्ड करून टाकाव्यात. तसे करावे का?
— सचिव, नौपाडा, ठाणे

उत्तर : फॉरवर्ड मुळीच करू नये. फॉरवर्ड केलेली ईमेल ही नवी ईमेल असते. तिचा प्रेषक आपण, तारीख आजची, आणि मूळ पत्र कोणत्या सर्व्हरवरून केव्हा आले हे सांगणारा मथळ्याचा तांत्रिक भाग त्यात उरत नाही. आवक-जावक वहीत नोंदलेल्या जुन्या पत्रावर आजचा शिक्का मारण्यासारखेच ते झाले. शिवाय एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपलेला असल्यामुळे आणि आजच्या सर्व्हरांना लागणारी सुरक्षित जोडणी त्याला झेपत नसल्यामुळे तो संगणक इंटरनेटला न जोडलेलाच बरा.

पहिले काम नकलेचे. आउटलुक एक्सप्रेस प्रत्येक फोल्डरसाठी एक डीबीएक्स फाइल ठेवते आणि त्या सर्व फाइली एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. टूल्स, ऑप्शन्स, मेंटेनन्स या क्रमाने जाऊन 'स्टोअर फोल्डर'चे बटण दाबले की त्याचा पूर्ण पत्ता दिसतो. तो टिपून घ्यावा, आउटलुक एक्सप्रेस बंद करावे आणि तो संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावा. शक्य असल्यास दोन. जागा मोकळी करण्यासाठी 'कॉम्पॅक्ट' करू का, असे आउटलुक एक्सप्रेस मधूनच विचारते. नक्कल हाती येईपर्यंत त्याला नकारच द्यावा, कारण ही क्रिया चालू असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते, आणि खोडलेल्या ईमेलचे जे अवशेष एखाद्या वेळी परत मिळवता आले असते तेही पुसले जातात. एखादी फाइल दोन जीबीच्या जवळ पोहोचली असेल तर अधिकच जपावे. आउटलुक एक्सप्रेसची मर्यादा तेवढीच आहे आणि तिथे फाइली हमखास खराब होतात.

थंडरबर्डला डीबीएक्स थेट वाचता येत नाही, म्हणून मधला दुवा ईएमएल फाइलींचा घ्यावा. ईएमएल म्हणजे एक ईमेल, एक फाइल. त्यात मूळ मथळा, तारीख आणि जोडलेली कागदपत्रे जशीच्या तशी राहतात. जुन्या संगणकाच्या डेस्कटॉपवर 'विकासक', 'महापालिका' अशा नावांचे रिकामे फोल्डर तयार करावेत, आउटलुक एक्सप्रेसमधील संबंधित फोल्डर उघडून कंट्रोल आणि ए दाबून सर्व ईमेल निवडाव्यात आणि माउसने ओढून त्या फोल्डरमध्ये सोडाव्यात. त्याआधी व्ह्यू मेनूतील 'करंट व्ह्यू'मध्ये 'शो ऑल मेसेजेस' निवडलेले आहे ना, हे पाहावे. वाचलेल्या ईमेल लपवण्याची सोय कोणी कधी सुरू करून ठेवली असेल, तर त्या दिसतही नाहीत आणि निवडल्याही जात नाहीत; निम्मा पत्रव्यवहार मागे राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. खिडकीच्या तळाशी दिसणारी ईमेलची संख्या आणि नव्या फोल्डरमधील फाइलींची संख्या जुळली पाहिजे. 'सेंट आयटम्स' विसरू नये. संस्थेने काय मागितले होते ते तिथेच आहे.

हे फोल्डर पेन ड्राइव्हने नव्या संगणकावर न्यावेत. तिथे थंडरबर्डमध्ये 'इम्पोर्ट एक्सपोर्ट टूल्स एनजी' हे विनामूल्य पूरक साधन बसवावे, 'लोकल फोल्डर्स'खाली नवा फोल्डर करावा, त्यावर माउसचे उजवे बटण दाबून ईएमएल फाइली आत घ्याव्यात. पुन्हा संख्या पडताळावी, सर्वांत जुन्या ईमेलची तारीख पाहावी आणि चार-दोन जोडपत्रे उघडून बघावीत. आउटलुक एक्सप्रेसने धोकादायक म्हणून अडवून ठेवलेली जोडपत्रेही ईमेलमध्ये असतातच, ती इथे दिसू लागतील. मात्र अँटिव्हायरसने तपासल्याखेरीज उघडू नयेत.

एवढे झाले तरी जुना संगणक भंगारात देऊ नये. प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. ते देताना मूळ डीबीएक्स फाइली ज्या संगणकावर होत्या तो हाताशी असलेला बरा. आपण वकिलांना आधीच विचारून ठेवावे.

प्रश्न : अशाच रीतीने आमच्या मंडळाच्या ईमेल मी थंडरबर्डमध्ये आणल्या. इंग्रजी पत्रे ठीक दिसतात, पण मराठी पत्रांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे येतात. पत्रे खराब झाली का?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : बहुधा नाही. त्या अक्षरांकडे नीट पाहावे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' (à) दर तिसऱ्या जागी पुन्हा पुन्हा येत असेल, तर मूळ मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या आजच्या प्रमाणित संकेतप्रणालीतच आहे. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते आणि ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरे म्हणून वाचले जात आहेत. व्ह्यू मेनूतील 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' वापरल्यावर बहुतेक वेळा मजकूर सरळ होतो.

तसे नसेल तर पत्र युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये, म्हणजे शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या एखाद्या फॉन्टमध्ये लिहिलेले असावे. तिथे साठवलेली अक्षरे खरोखरच रोमन असतात, फक्त दिसायला मराठी. कंट्रोल आणि यू दाबून ईमेलचा मूळ स्रोत पाहावा; पत्र एचटीएमएल, म्हणजे फॉन्ट-रंगासह सजवलेल्या मजकुराच्या स्वरूपात असेल तर फॉन्टचे नाव तिथे सापडते. तो फॉन्ट बसवला की पत्र वाचता येईल, परंतु थंडरबर्डच्या शोधात मराठी शब्द टाकून ते मिळणार नाही. त्यासाठी मजकूर त्या फॉन्टच्या परिवर्तकातून (कन्व्हर्टर) युनिकोडमध्ये आणून वेगळ्या फाइलीत ठेवावा आणि मूळ ईमेलला हात लावू नये. साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये फॉन्टचे नाव नसते. तिथे त्याच प्रेषकाच्या इतर पत्रांवरून अंदाज बांधून एकेक फॉन्ट लावून पाहणे एवढेच हाती राहते.