आधी धूर, मग प्रतीक

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर गेल्या महिन्यात एली वीझेल यांचे ‘नाइट’ हे आत्मकथन वाचून झाले. ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेल्या माणसाचे पुस्तक म्हणून मन घट्ट करून बसलो होतो. परंतु काही सदस्यांना त्याची भाषा कोरडी वाटली. एवढे सोसलेला माणूस इतके शांतपणे कसे लिहितो, असे त्यांनी विचारले. रात्र, आग, सूप यांना प्रतीके म्हणावे की नाही, यावरही एकमत झाले नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या सदस्यांना जो कोरडेपणा खटकला, तो लेखकाने कष्टाने मिळवलेला आहे. या अनुभवावरचे वीझेल यांचे यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या बोलीतील, पुस्तक 1956 मध्ये ब्युनोस आयर्स येथे निघाले. ते बरेच मोठे होते आणि त्यात संतापही उघड होता. 1958 मध्ये पॅरिसला फ्रेंच पुस्तक आले, तोवर त्यातले पुष्कळसे गाळले गेले होते. म्हणजे आपण वाचतो तो शांतपणा हा आटवून आटवून उरलेला अर्क आहे.

असा स्वर आपल्याला अगदीच अनोळखी आहे असे नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले त्याविषयी सांगलीतल्या एका आजींनी मला सांगितले, तेव्हा त्या एकदाही रडल्या नाहीत. पाणी पहिल्या पायरीला कधी लागले, उंबऱ्याला कधी, जोंधळ्याची पोती माळ्यावर कुणी टाकली, म्हैस कुणी सोडली, एवढेच त्या क्रमाने सांगत गेल्या आणि म्हशीपाशी येऊन थांबल्या. पुराची आणि छळछावणीची तुलना मी करत नाही, करूही नये. सांगायचे ते फक्त आवाजाविषयी. ज्याने पाहिले आहे, त्याला क्रम आणि तपशील सोडवत नाहीत. हळहळीचे शब्द बहुधा ऐकणाऱ्याचे असतात.

आता प्रतीकांविषयी. शाळेत उपमा, रूपक, उत्प्रेक्षा ओळखून गुण मिळवलेले आपण. त्यातून सांगली तर रूपककथा मराठीत रुजवणाऱ्या वि. स. खांडेकरांचे जन्मगाव. ‘आग कशाचे प्रतीक?’ हा प्रश्न आपल्या ओठांवर लगेच येतो, आणि इथेच जरा थांबावे असे मला कळकळीने वाटते. 1944 च्या मे ते जुलै या काळात हंगेरीच्या ताब्यातील प्रदेशातून सुमारे 4,40,000 ज्यूंना हद्दपार करण्यात आले. त्यांतील बहुतेकांना नाझींनी व्यापलेल्या पोलंडमधील ऑशवित्झ या छळछावणीत नेले. पंधरा वर्षांचा एली त्यांतच होता. त्याच्या मालडब्यात ऐंशी माणसे कोंबलेली होती आणि त्यांत मादाम शेख्टर नावाची एक बाई होती. आग दिसते आहे, ज्वाळा दिसताहेत, असे ती रात्री ओरडत राहते. बाहेर तर नुसता अंधार. अखेर डब्यातलीच माणसे तिला बांधतात, मारतात, तिच्या तोंडात बोळा कोंबतात, आणि तिचा लहान मुलगा शेजारी बसून ते पाहतो. गाडी बिर्केनाऊला, ऑशवित्झच्याच एका भागात, पोहोचते तेव्हा प्रेते जाळण्याच्या भट्टीच्या चिमणीतून ज्वाळा निघताना सगळ्यांनाच दिसतात. आग हे प्रतीक ठरायचेच असेल तर ते या क्षणानंतर ठरते, कारण त्याआधी ती खरी आग आहे आणि तिचा धूर नाकात गेलेला आहे.

याच कारणासाठी मला ‘ज्यूंची आहुती पडली’ हा आपल्याकडचा वाक्प्रयोग खटकतो. या वंशसंहाराला जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘होलोकॉस्ट’ या शब्दाचा मूळ अर्थही संपूर्ण जाळून दिलेला बळी असाच आहे, आणि म्हणून अनेक ज्यूंना तो नको वाटतो. ते ‘शोआ’, म्हणजे महाआपत्ती, असे म्हणतात. आहुती कुणीतरी श्रद्धेने, काही हेतूने देतो. इथे ना देणारा होता ना देव्हारा. माणसे मारली गेली. चुकीचे रूपक किती मोठे असत्य पोटात घेऊन येते, याचे याहून बोचरे उदाहरण मला ठाऊक नाही.

रात्रीचे मात्र वेगळे आहे. ज्यूंचा दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. शब्बाथ, म्हणजे त्यांचा आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी लागतो. ज्या मुलाच्या लेखी रात्र ही दिवसाची आणि प्रार्थनेची सुरुवात होती, त्याच्या आयुष्यात छावणीतील पहिल्या रात्रीनंतर उजाडतच नाही. आपल्या ‘काळरात्र’ या शब्दात भीती आहे, पण ही तुटलेली सुरुवात नाही. त्या पहिल्या रात्रीविषयी लिहिताना ‘कधीही विसरणार नाही’ हे शब्द पालुपदासारखे पुन्हा पुन्हा येतात. पुस्तकाचा संयत स्वर प्रार्थनेइतका चढतो असे हे दुर्मीळ ठिकाण. त्यातही प्रार्थनेची चाल तशीच ठेवून देवाशी असलेले नाते मोडलेले आहे, हे मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही.

इटलीतल्या तोरीनोचे ज्यू रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेवी हेही ऑशवित्झमधून वाचले. त्यांचे आत्मकथन 1947 मध्ये आले. छावणीतल्या उपासमारीला ‘भूक’ म्हणणे अपुरे आहे, कारण तो शब्द मोकळ्या, घरात राहणाऱ्या माणसांनी घडवला, असे ते त्यात म्हणतात. साधा शब्दच जिथे पुरत नाही, तिथे उपमेचा आधार कितीसा?

राहिले सूप. पुढच्या बैठकीत फाशीचे दोन प्रसंग एकापाठोपाठ वाचून पाहावेत. पहिल्यात एका तरुणाला फाशी देतात आणि त्या संध्याकाळी सूप नेहमीपेक्षा चांगले लागले, असे लेखक लिहितो. दुसऱ्यात एका लहान मुलाला फाशी देतात. तो वजनाने इतका हलका की जीव लवकर जात नाही, आणि त्या रात्री सुपाला प्रेतांची चव येते. दोन्हीकडे सूप तेच, पातळ आणि अपुरे. मध्ये काय बदलले, ते लेखक सांगत नाही. आपणही कट्ट्यावर लगेच सांगू नये. दुसरा उतारा संपल्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही तरी चालेल.