फ्लाइट सिम्युलेटरमध्ये टीएए (चित्राच्या दातेरी कडा गुळगुळीत करणारी पद्धत) ठेवावं की डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनमध्ये चित्र काढून ते मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र)? डीएलएसएस लावलं की कॉकपिटमधले आकडे पुसट का दिसतात?

आधी अडतंय कुठे ते बघा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमधला एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम्स) काउंटर 'मेनथ्रेड' दाखवत असेल, तर भार सीपीयूवर, म्हणजे मुख्य प्रोसेसरवर आहे. अशा वेळी डीएलएसएसने फ्रेम्स फारशा वाढणार नाहीत, चित्र मात्र उगाच बिघडेल. तेव्हा टीएए १०० टक्के स्केलवर, म्हणजे पूर्ण रिझोल्यूशनवर ठेवा, किंवा एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड असेल तर डीएलएए (डीएलएसएसचंच तंत्र, पण पूर्ण रिझोल्यूशनवर).

जीपीयूच (ग्राफिक्स कार्डच) कमी पडत असेल तर डीएलएसएसचा क्वालिटी मोड घ्या. ४के पडद्यावर ते मुळात २५६० बाय १४४० मध्ये चित्र काढतं आणि उरलेलं आधीच्या फ्रेम्सवरून भरतं. गोची इथेच आहे. उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरचा आकडा बदलतो, पण ज्या काचेवर तो उमटतो ती जागची हलत नाही. त्यामुळे हालचालीची माहिती अल्गोरिदमला मिळत नाही आणि जुना आकडा नव्यामागे सावलीसारखा रेंगाळतो. टीएएमध्येही हे थोडंफार होतं, पण पूर्ण रिझोल्यूशनमुळे खुपत नाही.

ग्लास कॉकपिटवर (जिथे उपकरणं डिजिटल पडद्यांवर दिसतात) इन्स्ट्रुमेंट अप्रोच, म्हणजे फक्त उपकरणं बघून उतरण्याची तयारी करणार असाल तर मी डोळे झाकून टीएए किंवा डीएलएए सुचवेन, चार फ्रेम्स कमी मिळाल्या तरी चालतील. नुसतं डोंगरदऱ्यांवरून फिरायचं असेल तर डीएलएसएस क्वालिटी छान. १०८० पी वर परफॉर्मन्स मोडच्या वाटेला जाऊ नका, मूळ चित्र ९६० बाय ५४० वर येतं.