जळगावात स्वतःची सीए प्रॅक्टिस सुरू करताना
जळगावात स्वतःची सीए (सनदी लेखापाल) प्रॅक्टिस कशी सुरू करावी, असे आपण विचारलेत म्हणून सुरुवातीपुरत्या दोन-तीनच गोष्टी सांगतो. भागीदारी आणि शाखांचा विचार सध्या बाजूला ठेवावा. 1949 च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार जाहिरात करून क्लायंट मिळवता येत नाहीत, त्यामुळे आपली ओळख दारावरच्या पाटीवरून नव्हे, तर सराफाचे मासिक जीएसटी विवरणपत्र 20 तारखेच्या आत गेले की नाही यावरून ठरते. रावेर-यावलचा केळी व्यापारी चिठ्ठ्या पिशवीत कोंबून आणतो. त्या त्याच्यासमोर बसूनच लावाव्यात, कारण धंदा तिथेच कळतो. (मला अजूनही हेच काम सर्वांत आवडते.) नवखे दोन चुका हमखास करतात: ओळखीपाळखीत फी ठरवायची राहून जाते, आणि आवडीच्या भरात प्रत्येक काम अंगावर घेतले जाते. पहिल्या भेटीतच फी लेखी द्यावी, संकोच नको.