गर्भपात, भ्रूणहत्या, गर्भसमापन: पत्रकात काय लिहावं?

प्रश्न असा आहे: बायकांसाठी आरोग्याचं माहितीपत्रक करताना 'गर्भपात', 'भ्रूणहत्या' आणि 'गर्भसमापन' यांतला कोणता शब्द घ्यावा? तिन्हींचा अर्थ एकच ना?

एकच नाही. 'गर्भपात' लिहा. कायदेशीर गर्भपाताला 'भ्रूणहत्या' तर चुकूनही म्हणू नका.

'गर्भपात' हा जुन्या वैद्यकातला शब्द. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गेला तर गर्भपात, असा आयुर्वेदातला भेद महिन्यांवरून आहे. आपोआप झाला की मुद्दाम केला, हे त्या शब्दात येत नाही. मराठीत ते क्रियापद सांगतं. 'गर्भपात झाला' म्हटलं की आपण हळहळतो. 'करून घेतला' म्हटलं की तो बाईचा निर्णय असतो. बोलीत तर एका कान्याचा फरक: पोट पडलं, पोट पाडलं. 'पिशवी साफ केली', 'क्युरेटिन केलं' असंही म्हणतात, पण ते आपोआप गर्भ गेल्यानंतरच्या उपचारालाही म्हणतात, म्हणून पत्रकात घोटाळा होईल. मला सगळ्यांत नेमकं वाटतं ते बायकांचं आपापसातलं बोलणं: 'दिवस गेलेत, पण ठेवायचं नाही.' काय ठरलं आणि कुणी ठरवलं ते कळतं, आणि त्यात कुणावर आरोप नाही.

'भ्रूणहत्या' या शब्दात तो आरोप आहे. हत्या म्हटली की मारणारी आली, बळी आला. गर्भाला माणूस कधीपासून मानायचं हा खरा नैतिक प्रश्न आहे. पहिल्या दिवसापासून तो जीवच, असं मनापासून मानणारी माणसं आपल्या घरांतही आहेत. त्यांनी तसं जरूर मांडावं. पण ते मत म्हणून मांडलं तर त्याला उत्तर देता येतं. शब्दातच निकाल देऊन टाकला की दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या बाईला बोलायला जागाच उरत नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा प्रश्न जन्मलेल्या बाळांचा आणि त्यांच्या विधवा आयांचा होता. तिथे 'हत्या' शब्द सरळ लागू होता. त्याच काळातल्या, १८६० च्या दंडसंहितेनं गर्भपात करणाऱ्या बाईलाही शिक्षा सांगितली, तरी कलम ३१२ नं त्याला खून म्हटलं नाही. गुन्हा वेगळा ठेवला. पुढे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि काही गटांतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मतानं २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. या मुदतीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं. कायद्यानं जे दिलं त्याला आपणच पत्रकात हत्या म्हणायचं, हे मला पटत नाही.

हा शब्द घरोघरी पोचला तो 'स्त्रीभ्रूणहत्या'मुळे. संताप योग्यच होता. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदाही १९८८ साली याच राज्यानं केला. पण बोलता बोलता 'स्त्री' गळून पडली आणि नुसती 'भ्रूणहत्या' उरली. मग गर्भपात म्हणजेच गुन्हा, अशी समजूत पसरली, आणि घाबरलेली बाई डॉक्टरकडे जायचं टाळून कुठूनतरी गोळ्या आणते. सोनोग्राफी केंद्रातली पाटी नीट वाचा: तिथे गर्भलिंगनिदान करत नाही, तो गुन्हा आहे, असं असतं. गर्भपाताचं नाव तिच्यात नाही. म्हणून 'गर्भलिंगनिदान' आणि 'मुलगी नको म्हणून केलेला गर्भपात' असं लिहावं. शास्त्राच्या पुस्तकांत भ्रूण म्हणजे साधारण पहिल्या आठ आठवड्यांपर्यंतचा. सोनोग्राफीत लिंग दिसू लागतं त्या सुमाराला तो गर्भ झालेला असतो. त्या अर्थानंही शब्द चुकतोच.

'गर्भसमापन' चूक नाही. सरकारी कागदावर चालेल. बाईच्या तोंडी मात्र तो येणार नाही.

तुमच्या पत्रकासाठी मी असं लिहीन: 'गर्भ ठेवायचा नसेल, तर कायद्यात दिलेल्या कारणांसाठी आणि मुदतीत, मान्यता असलेल्या केंद्रात गर्भपात करून घेता येतो. तुम्ही अठरा वर्षं पूर्ण केलेली असतील तर संमती तुमचीच लागते, नवऱ्याची सही लागत नाही. गर्भ मुलाचा की मुलीचा हे तपासणं मात्र गुन्हा आहे.'