ग्रंथालय सत्राची वेळ कशी ठरवावी
मुलांना ग्रंथालय वापरायला शिकवणाऱ्या सत्राची तारीख घाईने ठरवू नका. मुलांना प्रकल्पाचा विषय कधी मिळतो, हे आधी विभागातल्या सर-मॅडमना विचारा आणि सत्र त्याच्या पुढच्याच आठवड्यात ठेवा. प्रवेशाच्या गडबडीत दाखवलेलं ओपॅक (ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची) गरज पडेपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि सगळी मेहनत वाया जाते. सोलापुरात जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, ते दिवस सोडाच. अक्कलकोट-मोहोळहून एसटीने येणाऱ्यांसाठी सकाळी 11 ची वेळ बरी. गटात 25 जणच घ्या. तासाभरात दोनच गोष्टी शिकवा: ओपॅकमध्ये विषयानुसार शोध आणि शोधगंगेवर (भारतातल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) प्रबंध पाहणं. निम्मा वेळ माउस मुलांच्याच हातात हवा. आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावर लॉगिन करून बघा. पासवर्ड चालले नाहीत तर पहिली 20 मिनिटं तिथेच जातात.