लाटेवर आलेलं आणि निवडून आलेलं

सप्रेम आशीर्वाद.

मसुदा वाचला. ऑस्ट्रेलियातल्या सशांच्या मुलखाच्या पार टोकाला एक दुर्मीळ अ‍ॅलील (एकाच जनुकाचं एक वेगळं रूप) भरमसाट वाढलेलं दिसतं, म्हणजे ते तिथल्या कोरड्या हवेत उपयोगी असणार, असं तू लिहिलं आहेस. एवढी घाई करू नकोस.

आधी हे ससे आले कसे ते बघ. 1788 मध्ये वसाहत करायला आलेल्या ब्रिटिश जहाजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर पाच पाळीव ससे सिडनीला उतरले. पुढेही येत राहिले, पण खंडभर कुणी पसरलं नाही. मग 1859 च्या नाताळात थॉमस ऑस्टिन या जमीनदारासाठी इंग्लंडच्या सॉमरसेटहून 24 ससे मेलबर्नला आले. व्हिक्टोरियातल्या बारवॉन पार्कवर त्याला शिकारीचा शौक करायचा होता! या सशांत रानटी रक्त होतं. त्यांच्या वंशजांनी वर्षाला सुमारे 100 किलोमीटर या वेगानं खंड व्यापला. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात हा माग स्पष्ट दिसतो: बारवॉन पार्कपासून जितकं लांब जावं, तितकी विविधता घटते आणि दुर्मीळ अ‍ॅलीलं वर येतात.

ती का वर येतात? आघाडीवर मोजकेच ससे पोचतात आणि मोकळ्या रानात त्यांचीच पिल्लावळ माजते. त्यांच्यात योगायोगानं जे असेल ते, कसलाही फायदा नसताना, मैलोन्‌मैल पसरतं. गाव वसवणाऱ्या चार घरांची आडनावं पुढे गावभर होतात, त्यात आडनावाचा काय गुण?

खरी नैसर्गिक निवड, म्हणजे उपयोगी म्हणूनच टिकलेलं, बघायची तर सशांत जीवघेणी साथ पसरवणाऱ्या मिक्सोमा विषाणूकडे वळ. 1950 मध्ये तो ऑस्ट्रेलियात ससे कमी करायला मुद्दाम सोडला. 1952 मध्ये फ्रान्समध्ये आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये पोचला. साथीआधीच्या, संग्रहालयांत जपलेल्या सशांचा डीएनए आजच्या सशांशी ताडला, तर तिन्ही देशांत त्याच अ‍ॅलीलांचं प्रमाण वाढलेलं निघालं. योगायोग तीनदा एकाच बाजूला झुकत नाही. (म्हणून म्हणतो, जुन्या कातड्यांच्या पेट्या ठेवणाऱ्या माणसांशी ओळख वाढव.)

तर आता बारवॉन पार्कपासूनचं अंतर आडव्या अक्षावर घे आणि जीनोममधल्या (सशाच्या एकूण डीएनएमधल्या) इतर तटस्थ, म्हणजे फायदा-तोटा नसलेल्या, जागाही तशाच वागतात का ते तपास. वागत असतील, तर कोरड्या हवेचा परिच्छेद काढून टाक. नसतील, तर दुसऱ्या एखाद्या कोरड्या टोकाचे नमुने मिळव, आणि मग मला फोन कर.